मायच्या हळदीचे ससे

आमच्या चण्याच्या वावरात येणारे ससे बोकडाएवढे होते, असं मी आजवर दोन जिल्ह्यांतल्या लोकांना सांगून बसलो आहे. नातवंडांना सांगताना तर त्यातल्या एकदोघांना शिंगंही फुटली. माझी जीभ मोकाट बैलासारखी चालते, कधी कोणाच्या वावरात शिरेल सांगता येत नाही. लिहिताना मात्र अक्षराअक्षराला थांबावं लागतं, आणि थांबलं की खरं काय होतं ते आठवतं. म्हणून या प्रकरणात ससे सशाएवढेच राहतील. बाकी कशाची हमी मी देत नाही.

वडशाच्या खाली दोन कोसांवर वैनगंगेला लागून आमचं गाव. घर मातीचं, पण भिंती एवढ्या जाड की एकदा एका चोरानं भोक पाडायला घेतलं तर अर्ध्यातच त्याला भूक लागली आणि तो पुढच्या दारानं येऊन भाकर मागू लागला, असं माय सांगायची. म्हणजे थापा मारायची कला मी बाहेरून शिकलो नाही. बाबा याच्या अगदी उलट. ते दिवसाला मोजून दहा शब्द बोलत आणि त्यातले सहा बैलांशी. सकाळी वाऱ्याचा रोख बरा असला की वडशाच्या गाडीची शिटी ऐकू यायची, आणि त्याआधीपासून मायचं मुसळ सुरू असायचं. माझी मोठी बहीण वच्छला, तिला आम्ही बाई म्हणायचो, ती घरी होती तोवर एका उखळात दोघींची मुसळं पडत. एकीचं वर तर दुसरीचं खाली, मध्ये श्वासाएवढीही फट नसायची. सशांच्या त्या हिवाळ्याआधीच्या उन्हाळ्यात बाई लग्न होऊन नदीपार गेली. माय एकटी कांडू लागली, पण एक घाव घातला की दुसऱ्या मुसळासाठी जागा सोडल्यासारखी थांबायची. मी अंथरुणात पडल्या पडल्या ती मधली जागा ऐकायचो.

बाबा तरुणपणी तारेचा फास लावण्यात असे वस्ताद होते की, आमच्या गावातले ससे मरायच्या आधी त्यांचं नाव घेत. ही माझी थाप. पुढचं खरं आहे. बाईच्या वेळी माय दिवसांत होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी बाबांच्या फासात एक ससी सापडली. ती मेली नव्हती. तार कमरेत रुतलेली, पुढच्या पायांनी तिनं हातभर माती उकरली होती. बाबांनी तिला सोडवलं तोवर ती गेली, आणि पोट चिरल्यावर आत तीन पिलं निघाली. त्याच आठवड्यात माय दोन दिवस अडली. सुईणीनं हात टेकले. बाबा गोठ्यात जाऊन बैलापुढं उभे राहिले आणि म्हणाले, ही सुटली तर माझ्या हातून वावरात रक्त सांडणार नाही. बाई जन्मली. बाबांनी तारांचं अख्खं भेंडोळं वैनगंगेत टाकलं. आमच्या घरात मटण बंद झालं ते देवामुळं नाही, एका ससीमुळं.

ससे नवस मानत नाहीत, हे बाबांना पुढं कळलं. धान निघालं की आमच्याकडं धानाच्या बांध्यांत लाखोरीची डाळ आणि वरच्या वावरात चणा. त्या वर्षी चणा असा आला होता की बाबा दिवसाला बारा शब्द बोलू लागले. आणि मग एका सकाळी बघतो तर कोवळे शेंडे कात्रीनं कापावे तसे कापलेले. जोडीला बांधात उंदीर होतेच. उंदरांचं बाबांनी लवकर आटोपलं. निमुळत्या तोंडाचा मटका आतून तेलानं गुळगुळीत करायचा, गळ्यापर्यंत बांधात पुरायचा, तळाशी मूठभर भाजलेलं धान. उंदीर वासानं आत उडी मारतो आणि चढायला गेला की घसरतो. एकमेकांना चावू नयेत म्हणून बाबा आत थोडा भुसाही घालत. सकाळी मटक्याच्या तोंडाला फडकं बांधून मी ते दूर पडीक माळावर ओतून यायचो. उंदरांची होत होती तशी बडदास्त तेव्हा कोण्या पाहुण्याचीही होत नसेल.

सशांपुढं मात्र आम्ही हरलो. बाबांचा जुना कोट घालून बुजगावणं उभं केलं. तिसऱ्या दिवशी त्याच कोटाच्या सावलीत एक ससा अंग टाकून बसलेला. बोराट्यांचं कुंपण केलं, त्यात त्यांनी आमच्याआधी फट शोधली. गावातले लोक हसत. तार लाव, मोकळा हो, म्हणत. बाबा ऐकून घ्यायचे आणि बैलाला पाणी दाखवायला जायचे.

शेवटी कवडूकाका मदतीला आले. हे ढिवर, नदीवर डोंगा चालवायचे आणि मासे धरायचे. मासे धरायला त्यांच्याकडं बांबूच्या कामट्यांचा लांबुडका सापळा असे. त्याचं तोंड आतल्या बाजूला निमुळतं होत जातं. मासा आत जाताना कामट्या वाकून वाट देतात, बाहेर यायला लागला की त्याच त्याला अडवतात. काकांनी तोच सशाच्या मापाचा विणला, आणि आतली प्रत्येक टोकदार कामटी विस्तवावर धरून बोथट केली, नाकाला टोचू नये म्हणून. ससा रोज एकाच पायवाटेनं येतो. त्या वाटेवर, लेंड्या पडलेल्या असतात तिथं तो ठेवायचा. हाताचा वास जावा म्हणून आधी शेणमातीनं सारवायचा, आत गवत आणि चण्याचे शेंडे, वरून पोतं. अंधार असला की ससा गप्प बसतो. आणि उजाडायच्या आत पोचायचं, कारण अडकलेला ससा उपाशी मरत नाही, भीतीनं मरतो. "कान धरून उचलू नको गा," काका मला म्हणाले. "एक हात छातीखाली, एक हात ढुंगनाखाली. लेकरू धरते तसं."

तिसऱ्या दिवशी पहिला ससा सापडला. ससा नव्हे, ससी, आणि पोटुशी. बाबा तिला टोपलीत घालून अंगणात घेऊन आले आणि कितीतरी वेळ टोपलीकडं बघत उभे राहिले. मला सांगितलं की नदी ओलांडायची आणि तीन कोस आत सागवनात नेऊन सोडायचं. अलीकडं नाही, कोणाचं वावर खाईल. मी टोपली उचलली तशी माय स्वयंपाकघरातून आली. आमच्या घरातून कोणी बाई-पोर हळद लावल्याशिवाय जात नसे. तिनं बोट भरून हळद आणली आणि फडकं बाजूला करून ससीच्या कपाळाला लावली. "सुखानं जाय व," म्हणाली. मला हसू आलं होतं, पण मायचा चेहरा बघून ते गिळलं. पुढं सापडले ते नर की मादी हे तिनं पाहिलंच नाही. सगळ्यांना हळद लागली. त्या हिवाळ्यात एकूण पाच ससे आमच्या दारातून हळद लावून गेले. पाच. हा आकडा इथं ठळक सांगून ठेवतो, कारण पुढं तो माझ्याकडून हरवला.

आता माझा गुन्हा. तीन कोस जायचं, तीन कोस यायचं, डोक्यावर टोपली, आत थरथरतं जनावर. पहिल्या दिवशी मी नदी उतरून पल्याडच्या झुडपांपर्यंत गेलो, टोपली खाली ठेवली, आणि विचार केला की जंगल सशाला माहीत आहे, त्याला वाट कशाला दाखवायची. सोडून दिलं. उरलेला दिवस कवडूकाकांच्या डोंग्यावर बसून चकाट्या पिटल्या आणि संध्याकाळी पाय ओढत घरी आलो. मायनं गरम पाण्यानं माझे पाय शेकले. पाचही वेळा शेकले. ती झुडपं संपली की अर्ध्या कोसावर बाईचं सासर होतं, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. तिच्या घराचा धूर दिसायचा. पण गेलो असतो तर बाबांना कळलं असतं की मी सागवनात गेलोच नाही. आणि रिकाम्या हातानं बहिणीच्या सासरी कसं जायचं, असंही मी स्वतःला सांगत होतो. स्वतःला थाप मारायला फार कौशल्य लागत नाही.

बाईला सातवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पौषात बैलबंडी घेऊन तिला आणायला जायचं ठरलं होतं. मायनं उडीद, तीळ, जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांचं गाठोडं बांधून ठेवलेलं. मुसळ चालताना ती मधली जागा मला जरा कमी झाल्यासारखी वाटू लागली होती.

त्याआधीच्या बाजारी मी वडशाला गेलो. भज्याच्या दुकानापुढं पाचसहा जण जमले होते आणि कोणीतरी आमच्या बाबांच्या सशांबद्दल विचारलं. बस्स. मला काय पाहिजे होतं? मी सांगितलं की आम्ही ससे धरतो ते मासे धरायच्या सापळ्यात, आणि ते स्वतः रांगेनं आत येतात, माय त्यांना हळद लावते, आणि मी त्यांना नदीपार पोचवून येतो. किती, म्हणून कोणी विचारलं. पाच म्हणायला तोंड उघडलं, पण समोरचे चेहरे असे आ वासून बसलेले की पाचात त्यांचं पोट भरलं नसतं. "एकवीस," मी म्हणालो. लोक हसले, मी आणखी फुगलो. तेवढ्यात मागून खांद्यावर एक जड हात पडला. बैलाचं नवं दावं खांद्यावर टाकून बाईचे सासरे डोमाजी उभे होते. "असं हाय तं," ते शांतपणे म्हणाले. "मी म्हनून राह्यलो, आमच्या फासातले ससे हळद लावून काऊन येऊन राह्यले. गावात लोक करनी म्हनत होते. मी म्हनलो, हळद तं आपून मटनाले लावतोच, कोनी आधीच लावून धाडते, चांगलं हाय." सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. मला वाटलं, गोष्ट संपली.

डोमाजी वाईट माणूस नव्हता. उलट माझ्यासारखाच बोलका, फक्त त्याच्या बोलण्यामागं तीस एकर होते. त्याचाही चणा सशांनी खाल्ला होता, आणि तो कोणाच्या तरी चांगुलपणामुळं खाल्ला हे त्याला जास्त लागलं.

पौषात बाबा आणि मी बंडी घेऊन गेलो. बंडीत धानाच्या तणसाची गादी, त्यावर गोधडी. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी आईबाप पीत नाहीत, म्हणून बाबांनी आपला पाण्याचा तुंबा बरोबर घेतला होता. ओसरीवर दहाबारा माणसं बसली होती. बाईचा नवरा खांबाशी उभा, नजर जमिनीत. बाई दाराआड होती. तिच्या बांगड्या वाजल्या तशा मला कळलं.

"इवाईबुवा, सून न्याले आले, आनंद हाय," डोमाजी व्याह्याच्या नात्यानं बाबांना म्हणाले. "पन तुमचे एकवीस पाहुने माझ्या वावरात जेवून राह्यले. पहिले ते न्या."

बाबांना काही उमजेना. डोमाजींनी त्यांना सगळं सांगितलं. बाजारातलं, हळदीचं, नदीच्या काठचं. सांगताना लोक मध्ये मध्ये भर घालत होते. बाबांनी सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "पाच होते. माझ्या हातानं काढले."

"तुमचा पोट्टा भरल्या बजारात एकवीस म्हने. बाप खोटा का लेक खोटा, ते तुमीच ठरवा."

बाबा माझ्याकडं वळले. "नथ्थू, सांग."

मी आयुष्यभर बोलतच आलो आहे. मयताला गेलो तरी बोलतो, झोपेत बोलतो, दात काढताना डॉक्टरशी बोलत होतो. आयुष्यात मी एकदाच गप्प बसलो, आणि ते नेमकं तेव्हा. समोर बाजारातलीच चारपाच तोंडं होती. पाच म्हणावं तर मी त्यांच्यापुढं खोटा. एकवीस म्हणावं तर बाबा खोटे. जीभ टाळूला चिकटली. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिलो आणि त्या माझ्या गप्प बसण्याचा अर्थ सगळ्यांनी आपापल्या सोयीनं लावला. दाराआड बांगड्या एकदा वाजल्या. सुनेनं सासऱ्यापुढं बोलायचं नसतं.

डोमाजींनी उदारपणा दाखवला. दोनचार आमच्या फासात आले, ते गेले, वरचे दोन मी सोडले, म्हणाले. पंधरा तेवढे जिवंत धरून आण, हळदीचे, इथं ओसरीवर दाखव, मग बहिणीला बंडीत बसव. तोवर मी माझ्या तारा काढून ठेवतो. एवढं त्यांनी केलं, आणि बोललेलं पाळलं.

रिकामी बंडी घेऊन आम्ही निघालो. खड्ड्यात चाक गेलं की गोधडी एका बाजूला सरकायची आणि बाबा मागं न बघता हातानं ती सारखी करायचे, जणू तिच्यावर कोणी बसलं आहे. पाण्यात बैल घालताना म्हणाले, "तीन कोस सांगतलं होतं." पुढं कधी त्यांनी हा विषय काढला नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशीपासून मी उजाडायच्या आत कवडूकाकांच्या डोंग्यानं पार जाऊ लागलो. दोन सापळे डोमाजींच्या वावरात लावले. मला वाटत होतं, पाचातले दोनतीन तरी अजून जिवंत असतील, आणि बाकीचे रंगवता येतील. जंगलाकडेच्या वावराला काय सशांची कमी? पहिला सापडला तो कोरा, कपाळ स्वच्छ. आता हळद कुठून आणावी म्हणून मी डोमाजींच्या गोठ्यामागं उकिरड्यापाशी टोपली घेऊन बसलो होतो, तर शेणाचं टोपलं घेऊन बाई आली. पोट असं पुढं आलेलं की टोपलं कमरेवर बसत नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं, सशाकडं बघितलं, आणि आत जाऊन पळसाच्या पानात चिमूटभर हळद बांधून आणली. मी ती ओली करून लावली, बांधावर बसून उन्हात वाळवली आणि ओसरीवर नेऊन दाखवली. डोमाजींनी कोळशानं भिंतीवर एक रेघ ओढली. मग मी तो ससा डोक्यावर घेऊन सागवनात गेलो. तीन कोस. या वेळी खरोखर.

असं सुरू झालं. ससा सापडो न सापडो, बाई रोज सकाळी शेण टाकायला यायची आणि आम्हाला उकिरड्यामागं दोन घटका मिळायच्या. मायच्या हातचे लाखोरीच्या डाळीचे वडे मी फडक्यात बांधून नेत असे. ती उभ्यानं खायची, पदर तोंडाशी धरून. माय काय करते, पाठीचं दुखणं कसं आहे, काळ्या गाईला काय झालं, सगळं विचारायची. मी खरं सांगायला लागलो तर म्हणायची, "खरं नको सांगू गा. लांबलचक सांग." मग मी सांगायचो की काळ्या गाईला एवढं मोठं वासरू झालं की तेच आता गाईला चारा आणून देतं. बाई हसायची, हसताना एक हात पोटाखाली धरायची. मी तिला जन्मात कधी एवढं हसवलं नव्हतं. परत जाताना मला वाटायचं, आता सुटेल ही, थोडेच राहिले.

थोडे राहिलेच नव्हते. पंधरा दिवसांत चार, महिन्यात सहा. ससे शहाणे झाले होते की संपत आले होते, कोणास ठाऊक. मी सापळ्यांच्या जागा बदलल्या, शेंड्यांना मीठ लावलं, कवडूकाकांकडून तिसरा सापळा विणून घेतला. सापळ्याशी बसून सशांना हातापाया जोडून विनवलंही, हे मात्र थाप नाही. चण्याला घाटे धरले, घाटे पिवळे पडले. बाईची चाल बदलली. उकिरड्यापर्यंत यायला तिला मध्ये एकदा गोठ्याचा खांब धरावा लागायचा. भिंतीवर सात रेघा होत्या. त्या रेघा मी झोपेतही मोजायचो, आणि झोपेतसुद्धा त्या सातच भरायच्या. घरी माय विचारायची, आज किती. मी सांगायचो. ती गाठोडं उघडून पुन्हा बांधायची.

आठवा सापडला त्या दिवशी आभाळ आलं होतं. मी बांधावर बसून वाट बघितली, फुंकर मारली, पण ऊन काही पडलं नाही. उशीर झाला तर डोमाजी वावरात निघून जातील म्हणून तसाच ओसरीवर गेलो. त्यांनी फडकं बाजूला केलं, सशाच्या कपाळावरून बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरलं. पिवळंजर्द. "दोन महिन्याची हळद," ते म्हणाले, "अजून ओली हाय." आणि तेच बोट त्यांनी माझ्या कपाळाला पुसलं. बसलेली माणसं हसू लागली.

तेव्हा माझी जीभ सुटली. मी म्हणालो की पाचच होते, बाबा खरं बोलले, एकवीस मी बाजारात फेकलं, मारायचं तर मला मारा पण बाईला पाठवा, तिचे दिवस भरत आले आहेत. मी रडत होतो आणि एकेक अक्षर खरं होतं. कोणी विश्वास ठेवला नाही. ठेवायचा तरी कसा? डोमाजी हसले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं सांगतो. "तवा काऊन नाई बोलला?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, आता नववा लागला, बंडीत हिसके बसतील, नदी ओलांडायची नाही. सून इथंच राहील. आणि भिंतीवरच्या सात रेघांवरून त्यांनी ओला हात फिरवला.

मी टोपली घेऊन उकिरड्यामागं गेलो. बाई तिथं आधीच येऊन उभी होती. सगळं तिनं ऐकलं होतं. मी म्हणालो, अजून दोनतीन दिवस बघतो, आपल्या पाचातला एखादा जरी सापडला तरी जुनी हळद दाखवता येईल, तुझ्या सासऱ्यांना पटेल.

"नाई सापडत," ती म्हणाली. "पाचही माह्याच हातानं शिजले."

मला आधी समजलंच नाही. मग तिनं सांगितलं. मार्गशीर्षात पंधरा दिवसांत एकेक करून पाचही फासात आले. सोलायला तिच्यापुढंच टाकले. पहिल्याच्या कपाळावर हळद बघितली तशी तिनं ओळखली. माय हळद लावताना बोट खालून वर ओढायची, तसाच फराटा. आमच्या घरी मटण शिजत नसे हे तिनं सासरी कोणाला सांगितलं नव्हतं. तिनं शिजवलं, वाढलं, आणि त्या दिवसापासून रोज नदीकडच्या वाटेवर नजर ठेवली. कारण ससा इथवर आला म्हणजे त्याला घेऊन कोणीतरी आलं होतं.

"म्हंजे तुले पहिल्या दिवशीच ठाऊक होतं," मी म्हणालो. "हळदीचा एकही नाई उरला. मंग सांगतलं काऊन नाई? दीड महिना मी…"

"सांगतलं असतं तं तू रोज आला असता का गा?"

तिनं ते रागानं विचारलं नाही. खरंच विचारलं. आणि उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. सासरीच तिला मुलगी झाली, डोमाजींनी सुईण चांगली आणली, सगळं नीट पार पडलं. बातमी कवडूकाकांच्या डोंग्यातून आली आणि मग माय ते गाठोडं घेऊन पहिल्यांदा लेकीच्या घरचं पाणी प्यायली. पुढं लग्नाकार्यात मी ही गोष्ट रंगवायला लागलो, ससे बोकडाएवढे करू लागलो, की बायकांच्या घोळक्यातून बाई हात वर करून पाच बोटं दाखवायची. आता दाखवायला कोणी नाही, म्हणून लिहून टाकतो आहे.

त्या दिवशी मी टोपली उचलायला वाकलो तर तिनं थांबवलं. पदराच्या गाठीतलं पळसाचं पान सोडलं. उरलेल्या हळदीत बोट बुडवून तिनं सशाच्या कपाळावर, माझ्या लावण्याच्या वर, पुन्हा एक फराटा ओढला. खालून वर.

"याले जंगलात नको नेऊ," म्हणाली. "घरी ने."

मी नेलं. नदी ओलांडून, चढ चढून, थेट अंगणात. माय उखळापाशी होती. तिनं फडकं बाजूला केलं आणि बघत राहिली. हळद कोणी लावली, हे तिनं विचारलं नाही. बाई आली नाही, हेही मला सांगावं लागलं नाही. बाबांनी टोपली माझ्या हातातून घेतली, वावरात गेले आणि चण्याच्या अगदी मधोमध ती आडवी केली. ससा बराच वेळ हललाच नाही. मग दोन पावलं बाहेर आला, कान टवकारले, आणि शेजारच्या झाडाचा हिरवा राहिलेला शेंडा खायला लागला. सवयीनं माझा हात ढेकळाकडं गेला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "जेवू दे तिले."